चिलापीची हद्द

२ मार्च १९८९

आलो एकदाचा जळगावला. गाडी अडीच तास उशिरा आली, पण स्टेशनवर शालिग्रामभाऊंनी माणूस पाठवला होता आणि त्याच्या हातात माझ्यासाठी चार डझन केळी होती. एकट्या माणसाला चार डझन. शालिग्रामभाऊ केळीचे मोठे व्यापारी. मेहरूण तलावाजवळ त्यांनी आपल्या ट्रस्टतर्फे एक मत्स्यालय बांधलंय आणि ते चालवायला पुण्याहून मला आणलंय. इथे माशांतलं कळणारा कुणी सापडला नाही म्हणे. सापडणार कुठून? इथे मासा म्हणजे तव्यावरचा.

मन मात्र प्रसन्न आहे. पगार बरा, काम आवडीचं, डोक्यावर बसून शहाणपणा शिकवणारं कुणी नाही. मे महिन्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मत्स्यालय लोकांसाठी उघडायचं. एप्रिलअखेर बेबीची बालवाडी संपली की कुंदा तिला घेऊन येईल. तोवर दोघींसाठी घर नीट लावून ठेवायचं, एवढंच घरचं काम. निघताना बेबीने भातुकलीतली पितळी चूल माझ्या खिशात टाकली. बाबा, तुम्हाला चहा करायला, म्हणाली. आल्यावर परत हवी, हेही बजावलं. पाच वर्षांची आहे, पण व्यवहाराला आईपेक्षा पक्की.

राहायला मेहरूणमध्ये भिकुबाईंच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरातल्या मागच्या दोन खोल्या. दार वेगळं, भिंती जाड, आत गारवा. पण सामान बघून मला हसूच आलं. खाट दारात आडवी. कपाटाचं तोंड भिंतीकडे. पाण्याचा माठ खिडकीत. आतल्या खोलीचा डावा कोपरा तेवढा मोकळा, आणि तिथे जमिनीवर जर्मनच्या ताटलीत भाकरीचा तुकडा आणि गूळ. भर दुपारी खिडक्या बंद, दिवा लावू देईनात.

भिकुबाई साठीच्या, विधवा, हातात सतत काहीतरी निवडत असलेल्या. त्यांनी सांगितलं ते असं. तो कोपरा त्यांच्या सासऱ्यांचा, आबांचा. आबांना जाऊन नऊ वर्षं झाली. घरात नवा माणूस राहायला येणार असला की आधी घर फिरवायचं, म्हणजे सगळ्या सामानाच्या जागा बदलायच्या. आबांना आधी जेवू घालायचं. पहिल्या दिवशी उजेड करायचा नाही. आणि नव्या माणसाने एकट्याने यायचं नाही, चार जणांनी मिळून यायचं. "नवा माणूस उना की घर फिरावनं पडस, भाऊ," असं त्या अगदी वीजबिलाबद्दल बोलावं तसं म्हणाल्या.

मी विचारलं, नाही फिरवलं तर? त्या म्हणाल्या, "आबा चावतस."

हे १९८९ साल आहे. बाई गेल्यावर मी खिडक्या उघडल्या, भाकरी-गूळ गल्लीतल्या कुत्र्याला घातला, कपाट सरळ केलं आणि खाट उचलून त्याच कोपऱ्यात लावली. दोन्ही बाजूंना जाड भिंत, घरातली सगळ्यात गार जागा. आबांना जागेची पारख होती, हे मान्य करायला हवं.

५ मार्च

मत्स्यालय. आठ फुटी मोठी टाकी मधोमध, भिंतीला बारा लहान. मोठ्या टाकीत सगळे मासे एकत्र ठेवायचेत: एंजल, गोरामी, ब्लॅक मोली. शांतपणे नांदतील असेच निवडून आणलेत. आणि या संसारात शालिग्रामभाऊंनी माझ्या येण्याआधीच मेहरूण तलावातली एक चिलापी आणून सोडलीये. वीतभर लांब, काळपट, ओठ जाड. आपल्या गावचा मासा पुढे दिसला पाहिजे, म्हणतात. शोभेच्या टाकीत चिलापी म्हणजे बैठकीत बांधलेला रेडा. पण पैसे त्यांचे, तेव्हा ती तिथून हलणार नाही.

तिने डाव्या कोपऱ्यातला दगड बळकावलाय. तिकडे जो फिरकेल त्याच्यावर धावते. मी काचेवर बाहेरून तेलखडूने तिच्या हद्दीची रेघ मारून ठेवली. रोज बघायचं, रेघ पुढे सरकते की मागे.

मदतीला उखर्डू नावाचा पन्नाशीचा माणूस आहे. पाणी बदलतो, काचा पुसतो. त्याला मी आज शास्त्र समजावलं, गाढवापुढे वाचली गीता. जुना दांडगा मासा असलेल्या टाकीत नवा सोडायचा तर चार नियम. आधी आतले दगड, झाडं, सगळं हलवायचं, म्हणजे दांडग्याला आपली जागा ओळखू येत नाही. त्याला आधी पोटभर खायला घालायचं. दिवा बंद ठेवायचा. आणि नवा मासा एकटा सोडायचा नाही, पाच-दहा मिळून सोडायचे, म्हणजे दांडग्याचा राग एकावर न पडता वाटला जातो.

उखर्डूने सगळं ऐकून घेतलं, फडकं पिळलं आणि म्हणाला, "सायेब, भिकु अक्का बी असंच करतस. बठ्ठं तेच शे."

मी त्याला झापलं. कुठे शास्त्र आणि कुठे त्या बाईचा भाकरी-गूळ. या लोकांना दोन गोष्टी शेजारी ठेवता येतात, पण त्यांतला फरक काही दिसत नाही.

८ मार्च

काल अमावास्या होती. संध्याकाळी घरी येतो तर सगळं उलटंपालटं. भिकुबाई माझ्या मागे आत शिरून घर फिरवून गेल्या होत्या. दर अमावास्येला करतात म्हणे. खाट पार स्वयंपाकघरात. मी सगळं पुन्हा जागेवर आणलं, बाजारातून स्वतःचं कुलूप आणलं आणि त्यांना स्पष्ट सांगितलं की भाडेकरूच्या खोलीत असं शिरायचं नाही.

त्यांनी वाद घातला नाही. ओट्यावर बसून आबांची सगळी हकिगत सांगितली. भावाभावांत घराची वाटणी झाली तेव्हा या मागच्या खोल्या धाकट्या मुलाच्या, वनाच्या, वाट्याला गेल्या. आबा खोली सोडायला तयार होईनात. कोपऱ्यात दोन्ही भिंतींना पाठ लावून बसले ते अकरा वर्षं. जवळ जाईल त्याला चावायचे. उठवायला गेलेल्या वनाचा कान तोडला. शेवटी तिथेच गेले. वनाने मग या खोल्यांवर पाणी सोडलं, त्या भिकुबाईंकडेच राहिल्या.

आता गंमत अशी, की गल्लीच्या तोंडाशी पानटपरी चालवणारा वनाभाऊ मी रोज बघतो. डावा कान अर्धा आहे. म्हणजे हकिगत खरी असावी. एक तिरसट म्हातारा होता आणि तो चावायचा. पण मेल्यावर? मेल्यावर माणूस काय दात सोबत घेऊन जातो? असं मी विचारलं तेव्हा भिकुबाई तांदूळ पाखडायला लागल्या.

१४ मार्च

घरात उंदीर झालेत. टॉवेलची कड कुरतडली. चादरीची कड. टेबलावरच्या वर्तमानपत्राचीही. जिथे-तिथे अर्धगोल तुकडा गेलेला, सगळे एकाच मापाचे. मधलं काही खात नाहीत, फक्त कडा. पिंजरा आणून शेवेचा लाडू लावला. लाडू तसाच, पिंजऱ्यावर टाकलेल्या फडक्याची कड गेली.

हे उंदीरही इथल्या माणसांसारखेच, समोरचं सोडून भलतीकडेच तोंड घालणारे.

१९ मार्च

टाकीत कुरबुर सुरू. चिलापीने निळ्या गोरामीला धरलंय. पहिल्यांदा शेपटीच्या आणि परांच्या कडा जातात, मग खवले, मग डोळा. धरलेला मासा खायचं सोडतो आणि वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या अगदी वर, तोंड काढून लटकत राहतो. तिथवर दांडग्याचा सहसा त्रास नसतो. तेलखडूची रेघ या आठवड्यात दीड फूट पुढे न्यावी लागली. हद्द अशीच वाढते. आधी दगड, मग कोपरा, मग अर्धी टाकी.

हे सगळं दिवसा. अंधार पडला की चिलापी शहाण्या बाळासारखी तळाशी झोपते.

२३ मार्च

इथलं ऊन म्हणजे कहर आहे. बारा ते चार गल्लीत कुत्रंसुद्धा हलत नाही. मीही दुपारी घरी येऊन पडतो. आज जाग आली तेव्हा डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख अर्धगोल तुटलेलं होतं. रक्त नाही. कात्रीने कापावं तसं. खोलीत तपकिरीचा वास होता.

मी तपकीर ओढत नाही.

रात्री मात्र छान झोप लागते.

२८ मार्च

आज मत्स्यालयात शालिग्रामभाऊ मित्रमंडळी घेऊन आले होते. सगळ्यांसमोर विचारलं, काय साहेब, आबा त्रास देत नाहीत ना? सगळे हसले. मी म्हटलं, आखाजीपर्यंत त्याच कोपऱ्यात झोपतो, तुमच्या आबांना सांगा काय करायचं ते करा. आणखी हसले. त्यांच्यापुढे मी आता दुसरी खोली बघायची? त्यापेक्षा नख गेलेलं परवडलं. पुण्याचा माणूस मेलेल्या म्हाताऱ्याला भिऊन पळाला, ही गोष्ट हे लोक पुढची वीस वर्षं सांगत बसतील.

केस झडताहेत. एकाच बाजूचे, डाव्या.

२ एप्रिल

कान.

दुपारी दीड वाजता. मी झोपलो नव्हतो. खाटेवर पडून कुंदाचं पत्र वाचत होतो. आधी तपकिरीचा वास आला, मग पाठीमागे, म्हणजे माझी पाठ आणि भिंत यांच्यामध्ये, जिथे वीतभरसुद्धा जागा नाही, तिथे कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन बसलंय असं वाटलं. हाडं टोचली. आणि मग डाव्या कानाची पाळी.

डॉक्टरने तीन टाके घातले. माणसाचा चावा आहे म्हणाला. बायकोशी भांडण झालं का, असं विचारलं. मी म्हटलं, बायको पुण्याला आहे. त्याने टाक्यांवर पट्टी चिकटवली. चाव्यात वरच्या पुढच्या दोन दातांच्या खुणा नाहीत, असंही सांगितलं, मी न विचारता.

येताना भिकुबाईंना विचारलं की आबांचे दात कसे होते. त्यांनी आपल्या वरच्या पुढच्या दोन दातांवर बोट ठेवलं आणि मान हलवली.

५ एप्रिल

आज मी घर फिरवलं. हो, मी. दार लावून, कुणाला दिसू नये असं. अमावास्या आहे, तेवढ्यासाठी नाही. फक्त प्रयोग म्हणून. खाट स्वयंपाकघरात, कपाट दारामागे, कोपऱ्यात भाकरी-गूळ. ताटली मी दोन्ही हातांनी ठेवली, हे लिहायला लाज वाटते.

काही उपयोग नाही. दुपारी स्वयंपाकघरात चावलं. दंडाला.

भिकुबाईंना सांगावं लागलं. त्यांनी कपाळाला हात लावला नाही की आरडाओरडा केला नाही. ताटली कुत्र्यापुढे टाकली त्याच दिवशी काम बिघडलं म्हणाल्या. "आबासनी तुमले वळखी लिधं, भाऊ." आता सामान कितीही फिरवा, ते जागा नाही बघत, तुम्हाला बघतात. मग म्हणाल्या, खोली सोडा, मी भाडंसुद्धा मागत नाही.

बरोबर आहे. टाकीतही असंच होतं. एकदा चव लागली की दगड हलवून काही होत नाही. मला हे माहीत होतं. त्या बाईने मला ते सांगावं, याचा राग जास्त आला.

खोली सोडणार नाही.

७ एप्रिल

घरात खडूने जमिनीवर रेघ मारली. काल स्वयंपाकघरापर्यंत. आज सकाळी दात घासताना मोरीत चावलं, म्हणजे रेघ मोरीपर्यंत. दुपारी मत्स्यालयात थांबतो, तर तो आता सकाळी चावतो. तिथे थांबून काय उपयोग. रात्री काही नाही. रात्री झोपतो म्हातारा.

आता मी दिवसा माळ्यावर बसतो. स्वयंपाकघराच्या वर लाकडी माळा आहे, रिकामी पोती ठेवायचा. तिथे छपराखाली भट्टीसारखं तापतं, पण तिथवर तो येत नाही. आज गुडघे पोटाशी घेऊन बसलो असताना लक्षात आलं, की निळा गोरामीही असाच बसतो. वरच्या कोपऱ्यात. मी हसलो बराच वेळ.

८ एप्रिल

टाकीत आज बारा नवे टायगर बार्ब, छोटे पट्टेरी मासे, एकदम सोडले. चिलापी भांबावली. याच्यामागे धाव, त्याच्यामागे धाव. कुणालाच धड चावता येईना. तासाभरात निळा गोरामी खाली उतरला आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा खाल्लं त्याने. चौथा नियम. राग वाटला जातो.

उखर्डूला म्हटलं, बघितलंस? त्याने फडकं पिळलं आणि पुढची काच पुसायला घेतली.

८ एप्रिल, संध्याकाळी

कुंदाला पत्र लिहिलं. बालवाडीचं काय मोठंसं, लवकर या. इथे जेवणाचे हाल होतात. दोघी या.

जेवणाचे हाल होतात हे खरं आहे. उखर्डूने पत्र टाकलंसुद्धा.

इथे दुसरं कुणी वाचणार नाही, म्हणून लिहून ठेवतो. एकाचा त्रास तिघांत वाटला तर प्रत्येकाला थोडाथोडाच. कड-बीड जाईल. नख. केसांची बट. सोसण्यासारखं. दोघींना कळणारही नाही.

१३ एप्रिल

आल्या. बेबीने आधी चूल मागितली. दिली.

एका दिवसावरून काही म्हणता येणार नाही, आजच आल्यात. पण आज सकाळपासून काही नाही. वासही नाही. दुपारी मी खाट परत कोपऱ्यात लावून आडवा झालो, चक्क झोपलो. कुंदाने कानाचं विचारल्यावर काच लागली असं सांगितलं.

१४ एप्रिल

काही नाही. वरण-भात खाल्ला. ऊन माणसाला काय काय दाखवतं, याच्यावर एक लेख लिहायला हवा. ऊन, एकटेपणा आणि भिकुबाईंची बडबड, तिघांनी मिळून माझ्यासारख्या माणसाला माळ्यावर चढवलं. कुंदाला घर फिरवण्याची हकिगत रंगवून सांगितली. पोट धरून हसली. अडाणी लोक, म्हणाली. मी म्हटलं, शिकले तरी आतून तसेच.

बेबीने कोपऱ्यात भातुकली मांडलीये. गार लागतं म्हणते.  तिथे खाट असती तर मांडता आली नसती, म्हणून खाट मीच सरकवली.

दुपारी भिकुबाई ताटली घेऊन दारात आल्या. बेबीला कोपऱ्यात बघून तिथेच थांबल्या, मग कुंदाशी काहीतरी बोलायला लागल्या. मी त्यांना घालवून दिलं. लेकराला घाबरवू नका, असं चांगलं खडसावून.

१५ एप्रिल

सकाळी बार्ब मोजले. बारातले नऊ. मोठे सगळे धडधाकट, निळा गोरामी तर मस्तीत. गेले ते सगळ्यात लहान तीन. उखर्डू म्हणाला, तीन दिवस झाले सायेब, मोठ्यांना तिने सोडून दिलंय. बारक्यांच्या मागे आहे.

हे मला ठाऊक होतं. माशांच्या वहीत माझ्याच अक्षरात आहे. राग वाटला जातो तो थोडेच दिवस. मग दांडगा सगळ्यात लहान बघून धरतो. चौथ्या नियमाखालचीच ओळ आहे. मी ती उखर्डूला सांगितली नव्हती. मला आठवली नव्हती. नाही. आठवली होती.

घरी पळत आलो. बेबीच्या फ्रॉकच्या घेराला अर्धगोल तुकडे. एकाच मापाचे. सात मोजले.

आणि ते बघून मला पहिल्यांदा काय वाटलं, ते लिहिलंच पाहिजे. वाटलं, सुटलो. एक क्षणच. पण वाटलं.

मी त्या भिकुबाईंच्या पायाजवळ बसायच्या लायकीचा नाही.

१५ एप्रिल, दुपारी

कुंदाला सगळं सांगितलं. हसली. माझंच बोलणं मला ऐकवते. ऊन लागलंय म्हणते. अडाणी लोकांत राहून तुम्ही पण— टाके दाखवले. काच लागली म्हणालात ना. पत्राचं सांगितलं, का बोलावलं ते. तेव्हा हसायची थांबली. माझ्याकडे बघितलं ते आबांबद्दल नव्हतं. माझ्याबद्दल होतं.

उद्या सकाळच्या गाडीने जाते म्हणाली. मी म्हटलं आज. आत्ता. बेबीला ओसरीवर काढलं, रेघेच्या बाहेर. सध्या तरी बाहेर.

१६ एप्रिल

काल गाडी मिळाली नाही. रात्र बरी गेली, झोपतो तो. उखर्डूला पहाटेच रिक्षा आणायला सांगितलं होतं, अजून नाही. दहा वाजले. ऊन चढलं.

बेबीच्या अंगठ्याचं नख—

तिला भिकुबाईंच्या ओट्यावर बसवलं. बेबी विचारते, आबा माझ्याशी का बोलत नाहीत, मी त्यांना भात दिला तरी. कुंदाचा हात थांबला. आता तिला पटलं. आता भराभर बांधाबांध करते.

पण रेघ ओट्यापर्यंत आली. वास तिथे येतो. मला कळतो.

लहान मासा टाकीतून काढायचा असतो तेव्हा दांडग्याला आधी दुसऱ्या कोपऱ्यात खायला घालतात. तो खाण्यात असला की जाळं टाकायचं. हा पाचवा नियम. कुणाला सांगायची वेळ आली नाही.

ताटली भिकुबाईंनी आणून दिली. मी म्हटलं, भाकरीने नाही भागायचं आता. त्यांनी ऐकलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी ठेवू दिला.

कोपऱ्यात येऊन बसलोय. भिंतीला पाठ लावून. दोन्ही भिंतींना. भातुकली अजून इथेच मांडलेली. तवा, पळी, चूल. कुंदाला सांगितलंय, रिक्षा सुटेपर्यंत आत यायचं नाही. बेबीला सोडायचं नाही. मी काहीही ओरडलो तरी.

लिहितोय म्हणजे बसून राहीन. उठलो तर पळेन.

आबा, मी खाट टाकली होती इथे. मी. भाकरी मी कुत्र्याला घातली. तुमच्यावर हसलो. तिने काही—

आला वास.

गुडघे. पाठीत.

दंड. लागलं फार. चालेल.

कान. उजवा. चालेल, चालेल. इकडेच राहा. मला धरलंय तोवर तिकडे नाही—

रिक्षा आली. आवाज आला. उखर्डू हाका मारतोय. कुंदा पेटी ठेवते. दोन मिनिटं, आबा, दोनच—

मान. वहीवर रक्त. दिसत नाही नीट. डावा डोळा बहुतेक

चालेल

थांबलं.

का थांबलं. मी इथे आहे. इथे आहे मी, आबा. वास नाही. पाठीमागे कुणी नाही. रिक्षा तर सुटली नाही अजून, मग कुठे—

पावलं. ओसरीत. लहान.

चूल. चूल राहिली म्हणते. बाबा माझी चू—

बेबी नको आत नको ये